बत्ताशीची वाटी

महाडमध्ये भिकाजी साळवी यांच्या शब्दाला वजन होतं. वजन त्यांच्या अंगालाही होतं, पण ते नेमकं किती, हे गल्लीला कळायचं काही कारण नव्हतं. ते कळलं बत्ताशीच्या गुडघ्यामुळे. आणि एकदा एवढी गोष्ट बाहेर फुटली म्हटल्यावर पुढचं झाकून ठेवण्यात अर्थ उरला नाही.

बत्ताशी ही साळव्यांची कुत्री. पॉमेरेनियन जातीची, पांढरी, तीन वर्षांची, फुगलेल्या उशीएवढी. तिला चालताना कोणी पाहिलं नव्हतं. दारापासून मोरीपर्यंत ती धावत जायची, मोरीपासून येऊन सोफ्यावर उडी, सोफ्यावरून खिडकीत, आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाची हजेरी घ्यायची. भिकाजीराव चौतीस वर्षं महसूल खात्यात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. इतकं तत्पर माणूस आपल्याला नोकरीत एकही मिळालं नाही, असं ते म्हणत.

एका मंगळवारी दूधवाला आला. बत्ताशी फाटकाकडे सुटली आणि चौथ्या-पाचव्या ढांगेला तिने उजवा मागचा पाय पोटाशी घेतला, तीन पायांवर तीन उड्या मारल्या, पाय मागे झटकला आणि काही झालंच नाही अशी पुन्हा चारी पायांवर धावू लागली.

"अहो, ही लंगडतेय," मंजुळाबाई म्हणाल्या. मंजुळाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोरगं वर्गाच्या दारातून कसं आत येतं त्यावरून त्याचा गृहपाठ झालाय की नाही, हे ओळखणाऱ्या.

"लंगडत नाही. ठेका धरतेय," भिकाजीराव म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

शुक्रवारपर्यंत हा ठेका दिवसातून तीस वेळा पडू लागला. शनिवारी पाय वर गेला तो मिनिटभर खालीच आला नाही. बत्ताशी तीन पायांवर उभी राहून भिकाजीरावांकडे बघत राहिली. भिकाजीरावांनी पेपर बाजूला ठेवला.

गल्लीत आजारी माणसाला एकच डॉक्टर असतो, पण आजारी जनावराला घरटी एक. भांडी घासायला येणारी आवडी उमरठची. ती म्हणाली, "बाई, दिष्ट लागली हाय तिला. एवढं पांढरं जनावर कुणी दारात मोकळं सोडतं का गो?" तिच्या गावी सोनबा नावाचा चुलता बैलांचे सांधे बसवायचा. त्याच्याकडचा कसलासा पाला आवडीने वाटून आणला, गुडघ्यावर लावला आणि वरून फडकं बांधलं. बत्ताशीने पाला चाटून खाल्ला, मग फडकं चावून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्यामुळे गुडघ्याचा विषय एक दिवस आपोआप मागे पडला.

शेजारचे जलीलभाई बारा वर्षं मस्कतला काढून आले होते. आता त्यांच्या तीन पिकअप गाड्या महाड-महाबळेश्वर माल वाहायच्या, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडाचं निदान ते गाडीवरून करत. कुंपणावर कोपर टेकून ते म्हणाले, "काटा असणार. माझ्या गाडीचं पण असंच झालेलं. तीन दिवस मागून आवाज यायचा. शेवटी टायरात खिळा." भिकाजीरावांनी चष्मा लावून तासभर काटा शोधला. काटा निघाला नाही, बत्ताशीला मात्र गुदगुल्या झाल्या.

मग भिकाजीरावांनी रीतसर मार्ग धरला. रीतसर मार्ग म्हणजे जनावरांचा सरकारी दवाखाना. तिथे प्रवीण नावाचा तरुण संगणकापुढे बसला होता.

"जनावर कोणतं?"

"कुत्री."

"गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुक्कुट, इतर. म्हणजे इतर. कानातल्या बिल्ल्याचा नंबर?"

"तिला बिल्ला नाही."

"मग पुढचं पान उघडत नाय. दूध किती देते ते सांगा, बघू उघडतंय का."

"शून्य," भिकाजीराव म्हणाले.

प्रवीणने शून्य टाकलं आणि पडद्यावर काय येतंय ते वाचलं. "शून्य टाकलं की भाकड येतंय. भाकड जनावराचा अर्ज वेगळा. आणि तसंही डॉक्टर लसीकरणाला बाहेरगावी गेलेत. उद्या या."

'उद्या या' हे दोन शब्द भिकाजीरावांनी चौतीस वर्षांत किती हजार वेळा उच्चारले असतील, पण टेबलाच्या या बाजूने ते कसे ऐकू येतात, हे त्यांना प्रथमच कळलं. ते उठले. तेवढ्यात प्रवीण नम्रपणे म्हणाला, "साहेब, माझ्या वडिलांनी तुमच्याकडूनच उत्पन्नाचा दाखला काढला होता. सहा फेऱ्यांत."

"मग?"

"काही नाही. अजून आठवण काढतात तुमची."

घरी आल्यावर कुंपणाशी जलीलभाईंनी विचारलं तेव्हा भिकाजीरावांनी सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन जलीलभाई म्हणाले, "नौशीनला दाखवा ना मग. माझी भाची. पोलादपूरला कुत्र्या-मांजरांचीच डॉक्टर हाय ती."

"हे तुम्ही पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी मला काटा वाटत होता."

डॉक्टर नौशीनने बत्ताशीला टेबलावर घेतलं, उजवा गुडघा दोन बोटांत धरला आणि हलकेच दाबला. टक् असा बारीक आवाज झाला.

"वाटी सरकतेय," ती म्हणाली.

"कुठली वाटी? तिला आम्ही ताटलीत देतो," भिकाजीराव म्हणाले.

"गुडघ्याची वाटी, काका. ती हाडावरच्या खोबणीत वर-खाली सरकायला हवी. हिची खोबण उथळ आहे, म्हणून वाटी आतल्या अंगाला घसरते आणि पाय अडकतो. ती पाय झटकते तेव्हा वाटी परत जागेवर येते. लहान जातीच्या कुत्र्यांत हे खूप दिसतं. या दुखण्याच्या चार पायऱ्या असतात. ही दुसरीवर आहे."

"आणि तिसरी?"

"तिसरीला वाटी बहुतेक वेळ बाहेरच राहते. मग शस्त्रक्रिया." तिने बत्ताशीच्या कानामागे खाजवलं. "पुण्याचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर महिन्यातल्या एका रविवारी महाबळेश्वरला येतात. सहा आठवड्यांनंतरची वेळ घेते. तोवर सुधारली तर कापायला लागणार नाही. पण एक लक्षात ठेवा. वाटी बाहेर असताना तिने जोराची उडी मारली आणि आतला अस्थिबंध, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी दोरी, तुटला, तर मग सुधारण्याची वाट बघण्यात अर्थ नाही."

भिकाजीरावांनी खिशातून डायरी काढली आणि कलमं लिहून घेतली. सोफ्यावर उडी नाही. जिना नाही. गुळगुळीत फरशी नाही. वजन पाच किलो दोनशे, ते साडेचारवर आणणे. रोज दोनदा दोरीने धरून सावकाश चालवणे. सहावं कलम नौशीनने करून दाखवलं. पाय अडकलाच आणि सुटला नाही, तर तो हळूच मागे सरळ करायचा आणि आत गेलेली वाटी अंगठ्याने बाहेरच्या दिशेला ढकलायची. मंजुळाबाईंना ते पहिल्याच प्रयत्नात जमलं. भिकाजीरावांची पाळी आली तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "हे कलम तुझ्याकडे."

आता फरशीचा प्रश्न. पुराचं पाणी घरात शिरून गेल्यावर साळव्यांनी सगळं घर नव्याने केलं होतं आणि फरशी भिकाजीरावांनी स्वतः पनवेलला जाऊन निवडली होती. इतकी चकचकीत की पाहुणे आत आल्यावर आधी खाली बघून केस नीट करत. बत्ताशीचे पाय त्या फरशीवर चार दिशांना जात, हे घरातल्या सगळ्यांनी रोज पाहिलं होतं आणि त्याला नाच समजून टाळ्या वाजवल्या होत्या. आता ती फरशी झाकायची होती.

गोणपाट टाकून पाहिलं, बत्ताशीने ते कुरतडलं. सतरंजी टाकली, ती बत्ताशीसकट घसरली. शेवटी मंजुळाबाईंची बहीण ज्या बचत गटात होती, त्या गटाने विणलेली, खाली रबर लावलेली पायपुसणी आली. बासष्ट. सगळीवर लाल अक्षरांत 'सुस्वागतम्' विणलेलं. बैठकीच्या खोलीपासून संडासापर्यंत माणसाचं दर पावलाला स्वागत होऊ लागलं.

आठवड्याने ती धुऊन कुंपणावर वाळत घातली. तिसऱ्या दिवशी एका कार्यालयातून एक गृहस्थ येऊन उभे राहिले. राहत्या घरात पायपुसण्यांचा धंदा चालू असल्याची तोंडी तक्रार आली आहे, परवाना दाखवा, म्हणाले. तक्रार कोणाची, ते सांगता येत नाही. भिकाजीरावांनी त्यांना आत नेलं, बासष्ट सुस्वागतम् दाखवले, बत्ताशीचा गुडघा दाखवला. गृहस्थ म्हणाले, "ते ठीक हाय, पण लेखी द्या." भिकाजीरावांनी रात्रीचं जेवण पुढे ढकलून लेखी दिलं: 'सदर पायपुसणी ही विक्रीकरिता नसून अर्जदाराच्या कुत्रीच्या उजव्या गुडघ्याकरिता आहेत.' आयुष्यात त्यांनी हजारो अर्ज फेटाळले होते. त्यांतला एकही इतका खरा आणि इतका खोटा वाटणारा नव्हता.

पण हसण्यासारखे दिवस नव्हते ते. घरात सगळे हात पसरून वावरत होते, कारण बत्ताशी कुठून कुठे झेपावेल याचा नेम नसे. सोफ्यावर सुटकेसा रचल्या होत्या, त्यामुळे आलेला माणूस जमिनीवर बसे, तेही 'सुस्वागतम्'वर. दाराची घंटा वाजली की ती हवेत उडायची, म्हणून भिकाजीरावांनी घंटेची वायर काढून टाकली. गॅसवाला दोनदा परत गेला. फोडणी चुरचुरली तरी मंजुळाबाई आधी कुत्री कुठे आहे ते बघत आणि मग कढईकडे. अडकलेला पाय सुटेपर्यंत घरात कोणी श्वास घेत नसे. पाय कितीदा अडकला, हे भिकाजीराव तक्त्यात मांडत. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीस. तिसऱ्यात चौदा.

वजनाचं काय, ते बघायला तिला जलीलभाईंच्या गोदामातल्या वजनकाट्यावर नेलं. ती काट्यावर थांबेना. तेव्हा भिकाजीराव तिला घेऊन वर चढले, आणि मग एकटे. गोदामातल्या हमालाला आकडे मोठ्याने वाचायची सवय होती. "शहाण्णव तीनशे," त्याने पुकारलं. "नुसते साहेब, एक्याण्णव." संध्याकाळपर्यंत 'एक्याण्णव' गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलं होतं. पण खरा धक्का वजाबाकीत होता. बत्ताशी शंभर ग्रॅमने वाढली होती.

भिकाजीरावांनी चौकशी लावली. जलीलभाईंच्या पत्नी सलीमाभाभी कुंपणावरून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा देत होत्या. "आजारी जीव आहे, उपाशी कसा ठेवायचा," त्या म्हणाल्या. आवडी भाकरीला सुकटीचा रस्सा लावून देत होती. दोघींनी कबुली दिली आणि बंद केलं. भिकाजीरावांनी दोरीला एक पुठ्ठा बांधला: 'या कुत्रीस काहीही खाऊ घालू नये. आदेशावरून.' दहा दिवसांनी पुन्हा वजन केलं. पाच किलो तीनशेच.

त्या दुपारी मंजुळाबाई शाळेतून लवकर आल्या. भिकाजीराव चहा पीत होते. बत्ताशी त्यांच्या पायाशी बसली होती, आणि भिकाजीराव पेपरवरची नजर न हलवता अर्धं बिस्कीट खाली सोडत होते. इतक्या सवयीने, की आपला हात काय करतोय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मंजुळाबाई दारातच उभ्या राहिल्या. "दिवसाला किती?"

भिकाजीरावांनी हाताकडे पाहिलं. "चार," ते म्हणाले. मग प्रामाणिकपणे, "चहा तीनदा असतो. बारा."

चौकशी अधिकारीच आरोपी निघाल्याचं एक प्रकरण त्यांनी नोकरीत पाहिलं होतं. त्यातल्या माणसाची बदली झाली होती. इथे ती सोय नव्हती. त्यांनी चहाच सोडला.

सहाव्या आठवड्यात बत्ताशी चार किलो सातशेवर आली. पाय दिवसाला चारदाच अडकू लागला. आणि रविवार उजाडला. मोठे डॉक्टर महाबळेश्वरला बारापासून बघणार होते आणि दोनला पुण्याकडे निघणार होते. जलीलभाईंनी स्वतः पिकअप काढली. पुढच्या सीटवर तिघं. जलीलभाई स्टिअरिंगवर, मधे मंजुळाबाई, त्यांच्या मांडीवर टॉवेलात बत्ताशी, आणि खिडकीशी भिकाजीराव, हातात तक्त्यांची फाईल घेऊन.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागले तोवर सगळं ठीक होतं. निम्म्याहून अधिक चढल्यावर एका वळणावर पाईप भरलेला लांबलचक ट्रक आडवा अडकला होता. मागेपुढे गाड्यांच्या रांगा. जलीलभाईंनी इंजिन बंद केलं. साडेदहा वाजले. अकरा वाजले. ट्रक एकदा हातभर पुढे जाई, एकदा हातभर मागे. भिकाजीराव दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. गाडीत उकडायला लागलं, म्हणून त्यांनी चार बोटं उघडी असलेली काच पूर्ण खाली केली.

कठड्यावर एक माकड येऊन बसलं. त्याने बत्ताशीकडे पाहिलं आणि दात दाखवले.

पुढचं इतक्या झटक्यात घडलं की टॉवेल मंजुळाबाईंच्या हातात राहिला. बत्ताशी फाईलवरून, भिकाजीरावांच्या खांद्यावरून, खिडकीतून बाहेर. रस्त्यावर एक उडी, कठड्यावर दुसरी. माकड शेजारच्या फांदीवर गेलं. बत्ताशी त्याच्यामागे गेली, पण फांदीवर नाही. कठड्यापलीकडे खाली.

खालून एकदा भुंकल्याचा आवाज आला.

तिघं कठड्याशी धावले. खाली दोन पुरुष खोल कारवीच्या झुडपांची चिंचोळी सपाटी होती, आणि सपाटीच्या पुढे काहीच नव्हतं. बत्ताशी तिथे तीन पायांवर उभी होती. उजवा पाय पोटाशी. झटकत होती, पण तो सुटत नव्हता. तिने वर पाहिलं, भिकाजीराव दिसले, आणि तिने वर झेप घेण्यासाठी अंग आकसलं. वाटी बाहेर असताना जोराची उडी, एवढेच शब्द भिकाजीरावांच्या कानात वाजले.

"बस," मंजुळाबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज लावला. बत्ताशी बसली. मागे गोळा झालेल्या ड्रायव्हरांपैकी दोघंही जागच्या जागी थांबले. "बस. माझ्याकडे बघ. हलायचं नाही." मग मान न वळवता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी इथून नजर काढली तर ती उडी मारेल. तुम्ही उतरा."

"मी?"

"जलीलभाईंनी दोर धरायचा आहे."

हे बरोबर होतं, आणि म्हणूनच त्यावर काही बोलता येत नव्हतं. जलीलभाईंनी माल बांधायचा दोर काढला आणि भिकाजीरावांच्या कमरेला आवळला.

"गाठ कुठली मारलीत?" भिकाजीरावांनी विचारलं.

"मालाची. आजवर एक पोतं पडलं नाय."

"मी पोतं नाही."

"नाय. पोतं बोलत नाय," जलीलभाई म्हणाले आणि दोराचं टोक हाताला गुंडाळून कठड्याला पाय लावून उभे राहिले. चार ड्रायव्हर त्यांच्या मागे लागले. कोणीतरी विचारलं, "वजन किती?" जलीलभाईंनी खरं सांगितलं. आणखी एक ड्रायव्हर आला.

भिकाजीराव कठड्यावरून पलीकडे गेले. माती पायाखालून सुटत होती. हाताला आलेलं झुडूप मुळासकट आलं. अर्ध्यावर पँट एका खडकात अडकून फाटली, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, पण मंजुळाबाईंचा चेहरा पाहून कोणी हसलं नाही. पाय सपाटीला टेकले तेव्हा भिकाजीरावांनी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. मग ते गुडघ्यांवर रांगत बत्ताशीपाशी गेले.

ती थरथरत होती. त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

"पाय मागे सरळ करा," वरून आवाज आला. "हळू. आतून बाहेर. अंगठ्याने."

"माहीत आहे," भिकाजीराव म्हणाले, पण त्यांना माहीत नव्हतं. सहा आठवडे दरवेळी त्यांनी मान फिरवली होती. त्यांनी डोळे मिटले, आणि मग उघडले, कारण आता दुसरं कोणी नव्हतं. केसांखाली, कातडीखाली, भलत्या जागी चिंचोक्याएवढं काहीतरी अंगठ्याला लागलं. त्यांनी ढकललं. ते निसटलं. बत्ताशी कळवळली आणि तिने त्यांचं मनगट दातांत धरलं. चावली नाही, नुसतं धरून ठेवलं.

"झालं का?" वरून.

"थांब गं जरा."

त्यांनी पाय आणखी थोडा सरळ केला, श्वास रोखला आणि पुन्हा अंगठा लावला. टक्. तो आवाज त्यांना कानांनी ऐकू आला नाही, बोटांना कळला. बत्ताशीने मनगट सोडलं. पाय सावकाश खाली आला, जमिनीला लागला, आणि तिने त्याच्यावर भार दिला. भिकाजीरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कारवीची धूळ फार, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तिला सदऱ्यात घालून वर न्यायचं असं ठरलं होतं. ते सदऱ्याची बटणं काढत होते तेवढ्यात बत्ताशी मांडीवरून उतरली, हुंगत हुंगत डावीकडे गेली आणि झुडपाखाली दिसेनाशी झाली. भिकाजीरावांनी झुडपात हात घालून चाचपलं. अर्ध्या मिनिटाने वरून मंजुळाबाईंचा आवाज आला, "आली."

झुडपांखालून शेळ्यांनी पाडलेली एक सोपी वाट होती, ती फिरून रस्त्यावर निघत होती. बत्ताशी तिच्यावरून चारी पायांवर, आयुष्यात पहिल्यांदा दोरीशिवाय सावकाश चालत, वर आली होती. ती वाट एक्याण्णव किलोंसाठी नव्हती. भिकाजीरावांना सहा जणांनी दोराने ओढून घेतलं. शेवटच्या टप्प्यात बत्ताशी कठड्याशी उभी राहून त्यांच्याकडे बघून भुंकत होती, आणि नेमकं तेवढंच कोणीतरी मोबाईलवर घेतलं. ट्रक सुटून गाड्या हलायच्या आत जलीलभाईंच्या फोनवर तो व्हिडिओ आला. वर लिहिलं होतं: 'आंबेनळीत दरीत पडलेल्या आजोबांना इमानी कुत्रीने वाचवले.'

"आजोबा," भिकाजीराव म्हणाले. पोलादपूरच्या ग्रुपवरून तो व्हिडिओ महाडच्या ग्रुपवर गेला होता. सरकारी दवाखान्यातल्या प्रवीणने खाली हात जोडले होते.

महाबळेश्वरला पोहोचले तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. मोठे डॉक्टर बॅग भरत होते. मंजुळाबाईंचा चेहरा, भिकाजीरावांची पँट आणि दोघांमधली मातकट कुत्री पाहून त्यांनी बॅग खाली ठेवली. मंजुळाबाईंनी घडलेलं सगळं सांगितलं, काच कोणी उघडली तेही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला. मग गुडघा पुढे ओढून पाहिला, मागे ढकलून पाहिला, डावा-उजवा ताडून पाहिला. जलीलभाई दारात उभे होते, ते तिथेच खाली बसले.

"घाटात वाटी कोणी बसवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," भिकाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज गुन्हा कबूल केल्यासारखा आला.

"चांगली बसवलीत. अस्थिबंध शाबूत आहे. मांडीला स्नायूही धरलाय, म्हणजे सहा आठवडे तुम्ही काम केलंय. आहे दुसरीच पायरी. कापायची गरज नाही."

मंजुळाबाई खुर्चीत बसल्या. मघापासून उभ्या होत्या हे त्यांना आत्ता कळलं.

"म्हणजे संपलं," भिकाजीराव म्हणाले.

"संपलं नाही हो. खोबण उथळ ती उथळच राहणार. हे सगळं असंच चालू ठेवायचं. वजन, दोरी, उडी नाही, अडकली तर वाटी बसवणं. तुम्ही करता तसंच."

"किती दिवस?"

"ती आहे तोवर. दहा वर्षं, बारा वर्षं."

आता हे चिडणार, असं मंजुळाबाईंना वाटलं. निवृत्तीनंतरचे पहिले महिने त्यांनी पाहिले होते. सकाळी साडेनऊला कपडे करून तयार होणारा आणि मग कुठेच न जाणारा माणूस. कोणी काही विचारायला येत नाही, म्हणून पेपरातल्या निविदासुद्धा वाचून काढणारा. भिकाजीराव चिडले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढून डॉक्टरांपुढे धरलं.

"लेखी द्याल का?"

डॉक्टरांनी आपल्या चिठ्ठीवर सगळं लिहिलं, खाली एक ओळ ओढली आणि मुदतीच्या जागी लिहिलं, 'कायम'.

भिकाजीरावांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. खात्यात हंगामी म्हणून लागलेल्या भिकाजी साळवी यांना हा शब्द मिळायला सात वर्षं लागली होती. इथे तो सहा आठवड्यांत मिळाला. त्यांनी कागदाची घडी घातली, फाईलमध्ये न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि बत्ताशीला उचलून घेतलं.